मोरीवरचा बाक

१

बाक गेला हे आगाशीत सगळ्यांत आधी कळलं ते विनिता निकम यांच्या गुडघ्यांना.

त्या सकाळी त्या नेहमीसारख्या काठी टेकत मोरीचा चढ चढून वर आल्या, उजवा हात सवयीनं मागं नेला आणि बसायला गेल्या. मागं काही नव्हतं. शेजारून पिशवी घेऊन चालणाऱ्या नवऱ्यानं, चंद्रहासरावांनी, वेळेवर कोपर धरलं, म्हणून पुढची गोष्ट दवाखान्यात न घडता रस्त्यावर घडली.

वसई-विरारची जमीन तशी ताटासारखी. चढ हवा असेल तर शोधावा लागतो. निकमांच्या सोसायटीपासून आगाशीच्या बाजारापर्यंतच्या रस्त्यात तो एकच आहे, नाल्यावरच्या मोरीचा. मोटारींना तो जाणवतही नाही. पायांना जाणवतो, आणि दोन्ही गुडघे नव्यानं बसवलेल्या बाईला तर तो घाटासारखा वाटतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, चालणं सुटलं तर गुडघे आखडतील आणि मग माझ्याकडे येऊ नका. रिक्षावाले एवढ्याशा अंतरासाठी यायला तयार नव्हते. तेव्हा चालणं आलं, आणि चालणं आलं म्हणजे मध्ये टेकणं आलं.

त्या टेकण्यासाठी चंद्रहासरावांनी तीन वर्षं प्रभाग कार्यालयाचे जिने झिजवले होते. आधी फुटपाथ मिळाला. तो एवढा उंच झाला की वर चढायला खाली एक बाक हवा होता. मग त्याला उतार मिळाला. उतारावरून स्कूटर चढू लागल्या, तेव्हा खांब मिळाले. आणि सगळ्यांत शेवटी, चढ संपतो तिथं, लोखंडी सांगाड्याचा बाक मिळाला. जागा ठरवायला कार्यालयाचा माणूस फीत घेऊन आला होता. चंद्रहासरावांनी ती त्याला परत गुंडाळायला लावली. विनिताबाई जिथं थांबून भिंतीला हात लावत, नेमक्या तिथं त्यांनी खडूनं फुली मारली. बाकाच्या पाठीवर एका माननीयांचं नाव कोरलेलं होतं. ते एवढं ठळक होतं की बराच वेळ टेकून बसलं तर सदऱ्यावर उमटत असे. त्यालाही चंद्रहासरावांची ना नव्हती.

बाक बसला त्या आठवड्यात त्यांनी घरी येऊन मोठ्या अभिमानानं एक हकिगत सांगितली होती. ते बाकावर बसले असताना शववाहिका आली आणि त्यांच्यासमोर येऊन चक्क थांबली. चालकानं हात जोडले आणि मग गाडी पुढं गेली. ‘‘या गावात शववाहिकासुद्धा पादचाऱ्यासाठी थांबते, विनिता. याला म्हणतात सुधारणा.’’ विनिताबाईंनी आमटी ढवळताना बराच वेळ मान वर केली नव्हती. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना गहिवरून आलं असावं, अशी चंद्रहासरावांची समजूत झाली.

आता त्याच जागी पेव्हर ब्लॉक उघडे पडले होते. बाक खेचून नेला असता तर ओरखडे दिसले असते. एकही दिसत नव्हता.

विनिताबाईंना भिंतीशी उभं करून चंद्रहासराव दोन्ही बाजूंनी पाहून आले. बाजाराच्या बाजूला, चढ उतरल्यावर, राऊतांच्या वाडीच्या भिंतीशी बकुळीचं जुनं झाड आहे. त्या झाडाच्या सावलीत बाक ऐटीत उभा होता. एका पायाला प्लास्टिकची पिशवी गाठ मारून बांधलेली होती आणि पिशवीत बाकाचे सगळे बोल्ट होते.

चोरानं बाक नेला नव्हता. पुढं नेऊन ठेवला होता.

२

चंद्रहासराव मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून गेलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथं फ्लॅट घेतला. आगाशीत त्यांना निकम कुणी म्हणत नाही, टीसीसाहेब म्हणतात. नोकरीनं त्यांना पेन्शनखेरीज एक नियम दिला होता. ज्याच्याकडे तिकीट असतं तो खिसे चाचपतो, गोंधळतो, घामाघूम होतो. ज्याच्याकडे नसतं तो डोळ्यांत डोळे घालून सविस्तर बोलतो.

त्यांनी सोसायटीचा वॉचमन, त्याचा मेहुणा आणि दोन प्लंबर गोळा करून बाक परत आणवला. त्या मिरवणुकीचा आवाज बाजारापर्यंत गेला. वाटेत बाक दोनदा पडला, त्यातला एकदा मेहुण्याच्या पायावर, आणि फुटपाथवर एक लांबलचक पांढरा ओरखडा कायमचा उमटला. जागेवर ठेवून चंद्रहासरावांनी प्रवासातली सामान बांधायची साखळी आणली आणि बाक विजेच्या खांबाला कुलूपबंद केला.

दोन दिवसांनी बाक पुन्हा बकुळीखाली होता. साखळीची एकच कडी उघडून ती नीट वेटोळं करून बाकावर ठेवली होती. कुलूप पुसून, लावून, शेजारी.

या वेळी विनिताबाई म्हणाल्या की बघू तरी बकुळीपर्यंत जमतं का. त्या मोरीवर पोचल्या, उभ्या राहिल्या, श्वास घेतला. खाली झाडाकडे पाहिलं. नकाशावर ते अंतर नखाएवढं असेल. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग काठीवर दोन्ही हात ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘चला, घरी जाऊ.’’

त्या दिवसापासून त्या गॅलरीत बसू लागल्या. तक्रार काही नव्हती. गुडघा बरा आहे म्हणायच्या, आणि उठताना खुर्चीचा हात धरायच्या. चौथ्या दिवशी दोन्ही हात धरू लागल्या. चंद्रहासरावांनी ते पाहिलं, आणि पेपर तोंडासमोर धरून बराच वेळ एकच बातमी वाचत राहिले.

मग पिशवी उचलून ते एकटेच मोरीवर गेले. बाकाच्या मोकळ्या जागेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि चमकले.

जागा मोकळी नव्हती. तिथं भिंतीशी एक चपटा काळा दगड ठेवलेला होता. स्वच्छ धुतलेला.

३

मोरीच्या माथ्यावर दोन दुकानं आहेत. पहिलं भावेशचं, मोबाईलच्या कव्हरांचं. भावेशला बाक पहिल्या दिवसापासून खुपत होता, कारण गिऱ्हाइकांच्या बाईक लावायची जागा त्यानं खाल्ली होती. चंद्रहासराव आत शिरले तेव्हा त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. भावेशनं सगळं सांगून टाकलं: सोमवारी तो नालासोपाऱ्याला होता, बुधवारी बहिणीकडे जूचंद्रला, बहिणीनं पुरणपोळी केली होती, परत यायला बस मिळाली नाही, रिक्षावाल्यानं जास्त घेतले. डोळ्यांत डोळे घालून.

‘‘भावेश,’’ चंद्रहासराव म्हणाले, ‘‘मी अजून काही विचारलं नाही.’’

‘‘काका, तुम्ही विचारणारच होते ना. मी टाइम वाचवला.’’

तिकीट नाही, हे उघड होतं. पण कशाचं नाही ते पाहायचं होतं. चंद्रहासराव काही न बोलता काउंटरशी उभे राहिले. ही त्यांची डब्यातली जुनी पद्धत. थोड्या वेळानं भावेश आपणहून ढिला पडला. स्कूटर चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांपैकी एक त्यानं उपटला होता आणि आत शटर अडकवायला वापरत होता. काउंटरमागून त्यानं तो लाजत काढून दाखवला. बाकाबद्दल मात्र तो उलट कळवळून बोलला. बाक गेल्यापासून धंदा बसला होता. बाकावर माणसं बसायची, बसली की फोन काढायची, फोन काढला की कव्हर फाटलेलं दिसायचं.

‘‘मी कशाला हटवू, काका? मी तर दुसरा मागणार होतो.’’

दुसरं दुकान फेबियनच्या बेकरीचं. फेबियन माणिकपूरचा, इथं येऊन फार वर्षं झाली नव्हती. दुपारी पाव संपले की तो बाकावर पाय पसरून बसायचा, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला चंद्रहासरावांना जड जात होतं. पण बाकाचं नाव काढताच तो गोंधळला, हात पिठाच्या फडक्याला पुसू लागला, ट्रे उगाच इकडचा तिकडे केला. हे लक्षण चांगलं होतं. तिकीट होतं, फक्त सापडत नव्हतं.

‘‘टीसीसाहेब, बाकाचं सोडा,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘माझीपण चोरी झालीय. सांगायची लाज वाटते. दगड गेला.’’

‘‘दगड?’’

बाक बसवताना ठेकेदाराच्या माणसांनी तिथला एक चपटा दगड उखडून बाजूला फेकला होता. फेबियननं तो उचलून आणला आणि बेकरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला घेतला. दाराला अगदी मापाचा होता. बाक पहिल्यांदा गेला त्याच सकाळी दगडही गेला, आणि दारापाशी त्याच्या बदल्यात एक नवी कोरी वीट ठेवलेली होती.

चंद्रहासराव बाहेर आले. बाक नेणारा बोल्ट परत देतो, साखळी घडी करून ठेवतो, दगड घेतला तर वीट देतो. एवढा सभ्य गुन्हेगार त्यांनी पहिल्या वर्गाच्या डब्यातही पाहिला नव्हता. पण बाक हलवून त्या जागी दगड ठेवायचा, यात कुणाला काय मिळतं?

घरी पोचले तर दाराशी राजेळी केळ्यांचा फणा ठेवलेला होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

४

केळी राऊतांच्या वाडीतली, हे ओळखायला हेराची गरज नव्हती. आजूबाजूला राजेळी उरली होती ती त्यांच्याकडेच. दिवाकर राऊत पन्नाशीचा, वाडवळ बागाईतदार, सकाळी बँकेत नोकरी आणि संध्याकाळी केळी. त्याची आई रखमाबाई सत्तरी ओलांडलेली. ती अजून रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन मोरी चढायची आणि सोसायटीच्या दाराशी अळू, केळफूल, वालाच्या शेंगा विकायची. घरात त्यांची वाडवळी बोली चालते. गिऱ्हाइकांसाठी तिची वेगळी मराठी होती, थोडी सावकाश, धुऊन वाळवलेली.

चंद्रहासरावांना तिच्याबद्दल एक गोष्ट आठवली, आणि ती त्यांना उगाच टोचली. टोपली घेऊन चढ चढल्यावर रखमाबाईही माथ्यावर थांबायची. भिंतीला तळवा टेकवून उभी राहायची, धापा टाकायची. शेजारी बाक रिकामा असायचा. ती कधी बसली नाही. त्यांनी एकदा आग्रह केला तेव्हा ती ‘नको, असू दे’ एवढंच म्हणाली होती. संकोची आहे, असं त्यांना वाटलं होतं.

दिवाकर वाडीत नळ सोडत होता. चंद्रहासरावांना पाहून त्यानं नळ बंद केला, मग पुन्हा सोडला, मग पुन्हा बंद केला आणि शेवटी सोडूनच ठेवला.

‘‘वहिनी बऱ्या आहेत ना? येत नाहीत हल्ली बाजारात?’’

बाकाबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. गावभर ज्याची चर्चा होती त्या गोष्टीबद्दल काहीच न विचारणारा हा पहिला माणूस.

चंद्रहासरावांनी केळ्यांबद्दल आभार मानले. दिवाकरचे कान लाल झाले. वहिनींना बाजारात जायचं असेल तेव्हा फक्त हाक मारा, मी टेम्पोनं नेऊन आणतो, असं तो म्हणाला. चंद्रहासरावांनी सांगितलं की त्यांना नेऊन चालणार नाही. त्यांना चालायला हवं, आणि त्या चढ चढून माथ्याच्या पुढं जाऊ शकत नाहीत.

दिवाकरच्या हातातली नळी खाली पडली. तिचं पाणी त्याच्याच चपलांवर वाहत राहिलं आणि त्याला ते कळलं नाही.

‘‘बकुळीपर्यंत... नाही येऊ शकत?’’ त्यानं विचारलं.

ओट्यावर बसून शेंगा सोलणारी रखमाबाई उठली आणि घरात गेली. दार तिनं आतून लावून घेतलं.

५

चंद्रहासरावांना आता कोणी हे ठाऊक झालं होतं. का, ते कळत नव्हतं, आणि का कळल्याशिवाय दंड करायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि येताना विनिताबाईंना आवडतं म्हणून एक कलिंगड घेतलं. कलिंगड घ्यायचं ते गाडीवाल्यांनी, हे त्यांच्या मोरीच्या माथ्यावर लक्षात आलं. बोटं कापत होती. श्वास लागला होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पिशवी त्या काळ्या दगडावर टेकवली.

दगड मधोमध थोडा खोलगट होता, गुळगुळीत झिजलेला. एका पिढीत झिजलेला दगड असा नसतो. त्यांना गंमत वाटली. आपल्याला जिथं टेकावंसं वाटतं तिथंच हा होता. विनिता या बाजूनं चढून थकते तीही इथंच. रखमाबाई त्या बाजूनं टोपली घेऊन येते, तिचा हात भिंतीला लागतो तोही इथंच. कुठूनही या, मोरीचा माथा हा माणसाच्या थकण्याचा माथा.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं शववाहिका आली.

चंद्रहासराव रस्ता ओलांडत नव्हते. बाकावरही नव्हते. भिंतीला चिकटून उभे होते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तरी गाडी हळू झाली आणि त्यांच्यासमोर थांबली. चालकानं हात जोडले, पण त्याची नजर चंद्रहासरावांच्या चेहऱ्यावर नव्हती. गुडघ्यापाशी होती. मागचं दार उघडून एक माणूस उतरला, दगडाकडे आला आणि दगडावरचं कलिंगड पाहून अवघडून थांबला.

चंद्रहासरावांनी झटकन पिशवी उचलली.

त्या माणसानं वाकून दगडाला हात लावला, तो छातीशी नेला आणि परत गाडीत चढला. गाडी सोसायटीवरून खाडीच्या दिशेनं गेली, स्मशानाकडे.

चंद्रहासराव कलिंगड पोटाशी धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. भावेशनं दुकानातून विचारलं, काका, बरं वाटतं ना? त्यांनी मान हलवली. त्यांना आमटी ढवळणाऱ्या विनिताचे हलणारे खांदे आठवत होते, का ते मात्र लगेच उलगडलं नाही.

६

रखमाबाईच्या ओट्यावर त्यांनी आधी चहा घेतला. मग त्यांनी एकेक सांगितलं, आवाज न चढवता, तिकीट परत देताना बोलावं तसं.

बाक ओढला नाही, उचलला. माझ्या चौघांनी आणला तर गावभर ठणाणा झाला आणि एकाचा अंगठा सुजला. ज्यांनी इकडं आणला त्यांनी आवाज केला नाही, ओरखडा पडू दिला नाही, टेकवताना आपटला नाही. खांद्याला खांदा लावून, पाय जुळवून जड वस्तू नेण्याची आणि हळुवार खाली ठेवण्याची सवय असलेली चार माणसं. अशी सवय एकाच कामानं लागते. त्या बाकावर भावेश बसला, फेबियन बसला, मी बसलो, आम्ही सगळे बाहेरचे. जुन्या घरातलं एकही माणूस बसलं नाही. जिथं बाक होता तिथं आधी दगड होता, आणि तिथं शववाहिका अजून थांबते.

‘‘पूर्वी खांद्यावरून नेत,’’ चंद्रहासराव म्हणाले. ‘‘चढ चढून खांदे भरून यायचे. तिथं तिरडी टेकवायची, पुढचे मागं, मागचे पुढं. बरोबर?’’

दिवाकरनं मान खाली घातली. त्याच्या घरची दोन आणि शेजारची दोन, गावात कुणी गेलं की खांदा द्यायला हीच चार माणसं पुढं असायची.

बोलली ती रखमाबाई. ती बोलू लागली तेव्हा दिवाकरनं मध्ये तोंड घातलं नाही.

‘‘माझा माणूस टेकवला होता तिथं. सासू, सासरे, धाकटी जाऊ, समदी. आम्ही तिथं बसत नाय, पाय लावत नाय. आणि तुमची बाई दवाखान्यातून उठून आलेली, तोंडावर अजून रंग नाय, रोज सकाळी येऊन नेमकी तिथंच बसायची. माझ्याकडे बघून हसायची. मी मान फिरवायची. सांगू कशी? आजारातून उठलेल्या बाईला सांगायचं, की बाय, तू बसते तिथं आमची मयतं टेकवतात?’’

तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘मी दिवाकरला म्हटलं, काय पण कर, तिला तिथून उठव. बकुळीखाली सावली हाय, वास हाय. बाक पुढं गेला तर तीपण पुढं येईल. मला काय ठाऊक, तिला तेवढंपण चालवत नाय.’’

वाडीत नळाचं पाणी केळीच्या बुंध्याशी झिरपत होतं. तीन वर्षं जिने झिजवून, फीत गुंडाळायला लावून, खडूनं फुली मारून आपण बायकोला नेमकं कुठं नेऊन बसवलं, हे चंद्रहासरावांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी रखमाबाईला हात जोडले.

‘‘तिला कळता कामा नये,’’ ते म्हणाले.

‘‘नाय कळणार,’’ रखमाबाई म्हणाली.

तिघांचं एकमत झालं. प्रश्न एकच होता, आता बाक ठेवायचा कुठं. आणि घरी सांगायचं काय.

७

घरी जाताना चंद्रहासरावांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. विनिताबाई गॅलरीत होत्या. समोर खुर्ची ओढून ते बसले आणि बोलू लागले. मोरीच्या माथ्याखाली जलवाहिनी निघाली आहे. ती फार जुनी आहे. वरच्या वजनानं तडा जाऊ शकतो, असा अहवाल आहे. म्हणून बाक अलीकडे, चढ सुरू होतो तिथं बसवणार आहेत. तिथं हवा चांगली येते. तिथून तू परत फिरायचंस, बाजारात मी जात जाईन, तेवढंही चालणं पुरे असं कुठल्याशा डॉक्टरांनी लिहिलं आहे.

विनिताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुढं केला.

‘‘तिकीट दाखवा.’’

‘‘काय?’’

‘‘डोळ्यांत डोळे घालून, सविस्तर बोलताय. तुमचाच नियम. तिकीट दाखवा.’’

चंद्रहासरावांनी खिसे चाचपले. खरोखरच चाचपले, आणि गोंधळले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. विनिताबाईंना त्यांची दया आली.

‘‘अहो, शववाहिका पादचाऱ्यासाठी थांबते होय कुठं? तुम्ही आमटीच्या वेळी सांगितलंत तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या दिवशी रखमाबाईचा चेहरा पाहिला आणि खात्री पटली.’’

‘‘तेव्हापासून माहीत होतं? आणि तरी रोज बसत होतीस?’’

‘‘तीन वर्षं वणवण करून तुम्ही माझ्यासाठी एक जागा मिळवलीत. ती कसली जागा आहे हे तुम्हाला सांगायचं? मला नाही जमलं.’’ त्यांनी मोरीच्या दिशेनं पाहिलं. ‘‘आणि खरं सांगू? मला तिथं बसायला आवडायचं. आजवर तिथं जे टेकले ते सगळे चौघांच्या खांद्यावरून पुढं गेले. मी रोज तिथं टेकायची, आणि उठून आपल्या पायांनी कोथिंबीर आणायला जायची. उठताना दर वेळी हसू यायचं.’’

चंद्रहासरावांनी कलिंगड कापायला घेतलं आणि ते फार वाकडं कापलं.

‘‘मयत आलं तर?’’ एक फोड पुढं करत त्यांनी विचारलं.

‘‘तर उठून उभी राहीन. तेवढी उठबस करायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे.’’

संध्याकाळी विनिताबाईंनी रखमाबाईला घरी बोलावलं. दोघी गॅलरीत बसल्या, दार ओढून घेऊन. आत काय बोलणं झालं ते चंद्रहासरावांना कळलं नाही. आधी रडण्याचा आवाज आला, दोघींपैकी कुणाचा ते ओळखू आलं नाही, आणि मग हसण्याचा, तो मात्र दोघींचा होता. जाताना रखमाबाई एवढंच म्हणाली की तुमची बाई जबर हाय.

रविवारी दिवाकर आणि त्याच्या तिघांनी बाक खांद्यावर घेतला आणि पाय जुळवून मोरीवर आणला. आवाज झाला नाही. काळा दगड त्यांनी होता तिथंच, भिंतीशी ठेवला, आणि बाक त्याला खेटून, त्याच्यावर सावली पडणार नाही असा. फेबियननं सगळ्यांना गरम पाव दिले. भावेशनं खांब आणून जागच्या जागी रोवला आणि दुसरा बाक कधी येणार ते विचारलं.

सोमवारी सकाळी विनिताबाई चढ चढल्या, हात मागं नेला आणि बसल्या. गुडघे कुरकुरले. समोरून रखमाबाई टोपली घेऊन आली, भिंतीला तळवा लावून उभी राहिली. तिनं बाकाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपली काढून बाकावर ठेवली. स्वतः मात्र उभीच राहिली. ‘‘आज टोपली बसू दे,’’ ती म्हणाली.

टोपली आठवडाभर बसली. त्यानंतरच्या एका सकाळी चंद्रहासराव भावेशशी दोन शब्द बोलून माथ्यावर आले, तर टोपलीच्या शेजारी रखमाबाई बसलेली होती, अगदी काठावर, उठायची तयारी असल्यासारखी. तिचा एक हात खाली दगडावर होता. विनिताबाई तिला गुडघा दाखवत होत्या.

बाक तिघांचा होता. विनिता, रखमाबाई आणि टोपली बसल्यावर टीसीसाहेबांना जागा उरली नाही. ते पिशवी घेऊन शेजारी उभे राहिले. नोकरीभर त्यांनी तेच केलं होतं, लोक बसलेले आणि आपण उभे, पण इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.